कारण क्रमांक एक

कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकच्या रस्त्यांवर बांबू येऊन पडले की माझी भूक जाते. दरवर्षी जाते. भाद्रपदाच्या मध्यावर कधीतरी सकाळी ऑफिसला जाताना दिसतं, की चौकातल्या आयलंडच्या कडेला एक ट्रक उभा आहे आणि चार-पाच माणसं त्यातून लांबच लांब बांबू ओढून खाली टाकताहेत. मग आठवडाभरात त्यांतून दुर्गापूजेच्या मांडवांचे सांगाडे उभे राहतात, त्यांवर कापड चढतं, आणि सगळं शहर एका दिशेनं वाहायला लागतं. माझी सहकारी मंडळी बांबू पाहिले की सुट्टीचे दिवस मोजतात. मी खिडकीतून नजर काढून घेतो.

माझा जन्म इथलाच. वडील नोकरीनिमित्त आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर बंगाली, हिंदी, इंग्रजी, असं आमचं आयुष्य. तेव्हा पूजेच्या दिवसांचं प्रेम मला काही कमी नव्हतं. या दिवसांतली ती चिकट, श्वास कोंडणारी उष्णता, तिच्यात मधूनच एखाद्या पहाटे मिसळणारा गारवा, फाटकाशी पडलेला पारिजातकाचा सडा, ज्याला इथे शिउली म्हणतात, आणि रेल्वेमार्गाच्या कडेनं पांढरे तुरे हलवणारं काशाचं गवत. या सगळ्यावर मी मनापासून जीव टाकला आहे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत.

याच आठवड्यांत आमच्या कंपनीत नवी भरती झालेल्या मुलामुलींचं प्रशिक्षण संपत येतं, आणि शेवटच्या दिवशी दोन तास माझे असतात. वेळापत्रकात लिहिलेलं असतं: ‘प्रत्यक्ष कामातल्या टिप्स’. आम्ही कारखान्यांना व्यवसाय सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून देतो. खरेदी, साठा, उत्पादन, माल पाठवणं, सगळं एकाच ठिकाणी. सॉफ्टवेअर तयारच असतं. ते प्रत्येक कारखान्याच्या अंगावर बसवायचं, इथे सैल करायचं, तिथे टाके घालायचे, हे माझं काम. चोवीस वर्षं हेच करतो आहे. त्यामुळे माझ्याकडे टिप्स भरपूर आहेत.

मी सांगतो, की सेटिंगला हात लावण्याआधी तीन दिवस कारखान्यात नुसते बसा. लोक काम कसं करतात ते पाहा, कसं करतो म्हणून सांगतात ते नंतर ऐका. मी सांगतो, की ज्याला रोज स्क्रीनवर काम करायचं आहे त्याला विचारा, मालकाला नको. आणि मग मी फळ्यावर एक चौकोन काढतो, त्याला खाली बाण असलेली यादी काढतो, आणि सांगतो, की कोणत्याही यादीतली पहिली जागा रिकामी ठेवा. तिथे फक्त ‘निवडा’ असं लिहा. पहिल्या जागी खरं उत्तर कधीही ठेवू नका. मुलं खाली मान घालून हे लिहून घेतात. यातल्या एकेका टिपेचा जन्म कुठे झाला, ते मी कधी सांगितलेलं नाही.

तो जन्म शहराच्या दक्षिणेकडे, बेहालात झाला. तेव्हा तिथे मेट्रोचे खांब नुसतेच उभे होते आणि त्यांच्या पायथ्याशी वर्षानुवर्षांची धूळ आणि चिखल. रस्त्याच्या आत दोन गल्ल्या सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक कारखाना होता. मिठाईची खोकी, साड्यांची खोकी. म्हणजे वर्षभराचा अर्धा धंदा पूजेच्या आधीच्या दोन महिन्यांत. अशा दिवसांत नवं सॉफ्टवेअर सुरू करू नये, ही खरं तर सगळ्यांत पहिली टीप. पण मालकांना गर्दीच्या दिवसांतच ते सुरू करून हवं होतं. गर्दीतच कुठे अडतं ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं, आणि तसं मी बोललोही नाही.

कारखान्यात शिरलं की पहिला विभाग कटिंगचा. मोठ्या कागदाचे ताव तिथे मापात कापले जात. मग छपाई, मग साच्यातून खोक्याचा आकार काढणं, मग चिकटवणं, शेवटी पाठवणी. कटिंगचे प्रमुख निमाईबाबू. वय साठीच्या अलीकडे, अंगानं बारीक, अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि खिशात एक स्टीलची पट्टी. ती पट्टी ते क्वचितच काढत. तावाचा गठ्ठा यंत्राखाली सरकवायचे, मान किंचित कलती करून बघायचे, अंगठ्यानं एक हलका धक्का द्यायचे, आणि पातं खाली यायचं. मी एकदा गंमत म्हणून मागून मोजून पाहिलं. बरोबर होतं, अर्ध्या सुताचा, म्हणजे दीडेक मिलिमीटरचाही फरक नव्हता. त्यांना ते आवडलं नाही.

‘मोजा, मोजा,’ ते म्हणाले. ‘तुमचं कामच ते.’

माझं आडनाव त्यांना जड जात नव्हतं, पण ते त्यांना कंटाळवाणं वाटलं असावं. मी मराठी आहे हे कळल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘बर्गीबाबू’ करून टाकलं. मराठ्यांच्या घोडदळाच्या त्या जुन्या स्वाऱ्या बंगाल्यांच्या घराघरांत अजून जिवंत आहेत. बर्गी आले म्हणून पोरांना झोपवतात. इथे वाढलेल्या प्रत्येक मराठी पोरानं शाळेत ही थट्टा ऐकलेली असते आणि ती अंगाला लावून घ्यायची नसते, हेही शिकलेलं असतं. निमाईबाबू चहाच्या वेळी सगळ्या विभागाला ऐकू जाईल असं म्हणत, की बर्गी पुन्हा आले आहेत, सावध राहा, या वेळी घोडा नाही, कॉम्प्युटर आहे. सगळे हसत. मीही हसायचो. बंगालीतली ती थट्टा मी घरी येऊन मराठीत सांगितली तेव्हा बायकोलाही हसू आलं होतं.

तीन दिवस मी खरंच कटिंगमध्ये बसलो. कागद ही जिवंत वस्तू आहे हे मला तिथे कळलं. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पाणी पितो, फुगतो, त्याच्या कडा वळतात. सकाळी मापात असलेला ताव दुपारी मापात नसतो. निमाईबाबू नवा माल आला की तो एक दिवस तसाच उघडा ठेवायला लावत. त्याला इथल्या हवेची ओळख होऊ द्या, म्हणत. तावाचा कोपरा फाडून तो कोणत्या दिशेनं सरळ फाटतो ते बघत, त्यावरून कागदाचा रोख ठरवत. हे सगळं पाहून मी भारावलो आणि त्यातलं काहीच सॉफ्टवेअरमध्ये घातलं नाही. कारण ते घालायला तिथे जागा नव्हती.

मग ती बैठक झाली. मालकांना एक गोष्ट हवी होती: माल उशिरा गेला तर का गेला, ते कळलं पाहिजे. म्हणजे पाठवणीच्या स्क्रीनवर, उशीर झालेली नोंद जतन करताना, उशिराचं कारण विचारायचं. कारणांची यादी ठरवायची होती. मी फळ्यावर लिहायला उभा राहिलो. कुठून सुरुवात करायची? काम जिथून सुरू होतं तिथून. सरळ, स्वाभाविक. म्हणून एक: कटिंगची चूक. दोन: छपाईची चूक. तीन: साचा. चार: चिकटवण. पाच: गाडी मिळाली नाही. सहा: वीज नव्हती. कामाचा क्रम होता तोच दोषाचा क्रम झाला. त्यात कुणाचा डाव नव्हता. माझा तर नव्हताच.

निमाईबाबूंनी मागच्या खुर्चीवरून विचारलं होतं, की हवा कुठे लिहिणार? अर्ध्या वेळा उशीर हवेमुळे होतो. मी त्यांना समजावलं. जे आपल्या हातात नाही ते कारण यादीत ठेवून उपयोग नसतो, कारण त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. मला आठवतं, मी ते ‘जाब’ फार गोड आवाजात म्हटलं होतं. मालकांनी मान डोलावली. निमाईबाबूंनी खांदे उडवले. ते म्हणाले, बरं बाबा, तुमचं यंत्र, तुमची हवा.

पहिल्या चाचणीत पाठवणीच्या कारकुनानं कारण न निवडताच नोंद जतन करायला घेतली, तेव्हा स्क्रीनवर लाल पट्टी आली: कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मालक नेमके मागे उभे होते. त्यांना ती लाल पट्टी अजिबात आवडली नाही. गर्दीच्या दिवसांत यंत्र माणसाला अडवतं म्हणजे काय, असं ते म्हणाले. मी लगेच हसून सांगितलं, की आत्ता काढतो. आणि काढली. काही निवडलं नाही तर यादीतलं पहिलं कारण आपोआप बसेल, असं सेटिंग केलं. एक खूण. दोन सेकंदांचं काम. लाल पट्टी गेली, मालक खूश झाले, आणि मला त्या क्षणी आपण फार चपळ आहोत असं वाटलं.

त्या चपळाईवर मी पुढे कित्येकदा विचार केला आहे. आमच्या धंद्यात तिला गुण समजतात. गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी दिसली की तिच्यावर बोट फिरवून ती घालवायची. ती आठी का पडली होती, आणि आपण ती घालवली तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या कपाळावर जाऊन बसली, हे विचारायला वेळ नसतो. लाल पट्टी ही सॉफ्टवेअरची लाज असते असं मी तेव्हा मानायचो. आता मला वाटतं, तीच त्याची उरलीसुरली नीती होती.

त्यानंतर विश्वकर्मापूजा आली. कलकत्त्यात हा कारागिरांचा सण. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, तसा इथे हा दिवस. त्या दिवशी कारखान्यात यंत्राला हात लावायचा नाही. पातं पुसायचं, तेल घालायचं, शेंदूर लावायचा, झेंडूची माळ घालायची, आणि ते दिवसभर स्वस्थ उभं राहतं. बेहालाच्या गच्च्या पतंगांनी भरून जातात. निमाईबाबू आदल्या दिवशी उरलेल्या पातळ कागदाचे चौकोन कापून गल्लीतल्या मुलांसाठी पतंग बनवत. वर्षानुवर्षं बनवत होते. त्या वर्षी माझ्याही मुलीसाठी एक दिला, हिरवा आणि पांढरा.

त्या सकाळी एक गाडी माल भरून निघायची होती. आधीच तयार झालेला माल, चार ठिकाणी जाणारा, गाडीअभावी उशीर झालेला. पाठवणीच्या कारकुनानं घाईघाईनं चार नोंदी केल्या आणि हात धुऊन पूजेला आला. पूजा झाल्यावर निमाईबाबूंच्या हातात एक माळ उरली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि ती पाठवणीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला घातली. वर अंगठ्यानं शेंदराचं बोट लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हाही आता आपल्यातलाच. याचीही जात कारागिराचीच.’

खिचडी आणि लाबडा, म्हणजे इथली मिसळीची भाजी, वाढायला लागले होते. मला घास उतरला होता तेव्हा. चव अजून आठवते.

महालया, म्हणजे आपली सर्वपित्री अमावास्या, होऊन गेल्यावर मालकांनी दोन महिन्यांचा अहवाल मागितला. मी तो मन लावून बनवला. रंगीत खांब उभे केले. उशिराची कारणं, विभागवार. एक खांब इतका उंच होता की बाकीचे त्याच्या पायाशी बसल्यासारखे दिसत होते. मला तो पाहून समाधान वाटलं. अहवालात काहीतरी स्पष्ट दिसलं की आमच्या लोकांना समाधान वाटतं. मी स्वतःला विचारलंदेखील नाही, की तीन दिवस तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस या खांबात बसतो का.

मालकांनी निमाईबाबूंना बोलावलं. मीही खोलीत होतो. मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, की वय होतं सगळ्यांचंच, त्यात लाज नाही, पूजेच्या सुट्टीपासून तुम्ही आराम करा, मान ठेवूनच निरोप देऊ. निमाईबाबूंनी छापील कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत विचारलं, ‘बर्गीबाबू, हे यंत्रानं काढलं ना? कुणी माणसानं सांगितलेलं नाही?’

मी म्हणालो, ‘यंत्रानं. यात माणसाचा हात नाही.’

त्यांनी मान हलवली. ‘मग खरंच असेल. यंत्राचं माझ्याशी काय वैर.’

ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, कडेला कडा जुळवून, आणि ते कामावर परत गेले.

दुसऱ्या दिवशी हावड्यातल्या एका कारखान्याला दाखवायला मी तोच अहवाल आणखी देखणा करत होतो. तारखेनुसार मांडणी केली. आणि विश्वकर्मापूजेच्या तारखेसमोर मला चार ओळी दिसल्या. कारण एक. कारण एक. कारण एक. कारण एक. त्या दिवशी कटिंगचं यंत्र माळ घालून उभं होतं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मी वेळ पाहिली. चारही नोंदींमध्ये काही सेकंदांचंच अंतर. कारकुनानं यादी उघडलीच नव्हती. नुसतं एंटर दाबलं होतं. मग मी मागे मागे जात राहिलो. दोन महिने तो नुसतं एंटर दाबत होता. हवा, वीज, गाडी, न वाळलेला गोंद, सगळं कारण एकमध्ये जाऊन पडलं होतं. जिथे त्यानं खरोखर यादी उघडून काही निवडलं होतं अशा थोड्याच नोंदी होत्या, आणि त्यांत कटिंग एकदाही नव्हतं.

पूजेच्या षष्ठीपासून कारखान्याला सुट्टी लागायची होती. माझ्या हातात दोन दिवस होते. एक फोन पुरला असता.

मी का केला नाही, हे मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं आहे. हावड्याचं काम याच मालकांच्या शब्दावर मिळणार होतं. ते मिळालं की मी गटप्रमुख होणार होतो. त्याआधीच्या वर्षी आमच्या ऑफिसातली बरीच माणसं कमी केली होती आणि त्या यादीत आपलं नाव असेल या भीतीनं मी सहा महिने काढले होते. हे सगळं खरं आहे. यातलं काहीही निमाईबाबूंच्या समोरच्या पारड्यात टाकण्याइतकं जड नाही. खरं कारण याहून लहान आहे: मला त्या खोलीत जाऊन ‘यात माणसाचा हात होता, आणि तो माझा होता’ असं म्हणायची लाज वाटली.

मी काय केलं ते सांगतो. मी ते सेटिंग गुपचूप दुरुस्त केलं. यादीत पहिल्या जागी ‘निवडा’ घातलं. लाल पट्टी परत आणली. सॉफ्टवेअरमध्ये कोणताही बदल केला की तो कुणी केला, केव्हा केला याची नोंद राहते आणि बदलाचं कारण विचारलं जातं. कारणांची यादी समोर आली. पहिल्या जागी होतं, ‘नेहमीची सुधारणा’. मी यादी उघडली नाही. एंटर दाबलं.

निमाईबाबूंच्या निरोपाच्या दिवशी मला सॉल्ट लेकला महत्त्वाचं काम असल्याचं मी कळवलं. काम नव्हतं.

आठ वर्षं. हावड्याचं काम झालं, गटप्रमुख झालो, टिप्स सांगू लागलो. मुलीचा तो हिरवा-पांढरा पतंग माळ्यावर बराच काळ होता, एका साफसफाईत तो गेला. दरवर्षी बांबू आले. या वर्षीच्या तासाला मी नेहमीप्रमाणे फळ्यावर चौकोन काढला, पहिली जागा रिकामी ठेवा म्हणालो, आणि पुढे जाणार तोच इशानी नावाच्या मुलीनं हात वर केला. ती म्हणाली, की सर, हे ठीक आहे, पण यानं खरंच कुणाचं काही बिघडलं आहे का? की नुसतं पाळायचं म्हणून?

मी म्हणालो, ‘पुस्तकातलं उदाहरण आहे.’

तिनं वहीत कंसात ‘उदाहरण’ असं लिहिलेलं मला दिसलं. निमाईबाबूंना मी दुसऱ्यांदा कामावरून काढलं होतं, या वेळी अस्तित्वातूनच.

त्या संध्याकाळी बायको भाजीसाठी परवराच्या साली काढत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. साली काढतच तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, की मला आठ वर्षं सांगितलं नाहीस ते सोड. त्यांना कधी सांगणार आहेस? आणि साली गोळा करून उठली.

शनिवारी मी सियालदहला जाऊन बजबजची गाडी धरली. निमाईबाबूंचा तिथला पत्ता जुन्या कागदांत होता. स्टेशनातून बाहेर पडून तळ्याच्या काठानं गेलं की घर. निमाईबाबू ओट्यावर बसले होते. केस पार पांढरे झालेले, पण बाकी तेच. मला त्यांनी क्षणभरानं ओळखलं आणि तोंडभर हसून आत चहा सांगितला. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, आणि ते मला ऐकावं लागलं. कामावरून आल्यावर त्यांनी दोनदा डोळे तपासून घेतले. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, की काही बिघाड नाही. पण डॉक्टर काय, माणूसच, बरं वाटावं म्हणून बोलतो. त्यानंतर त्यांनी कापण्याचं काम सोडून दिलं. पतंगसुद्धा. नातीच्या वह्यांची कव्हरं दुकानातून घालून आणतात. ते म्हणाले, की आपल्याला वाटतं सरळ आहे, आणि ते सरळ नसतं, याची फार भीती असते हो.

मी सांगितलं. यादीचा क्रम, लाल पट्टी, एंटर. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. चहा आला आणि तसाच राहिला.

‘विश्वकर्म्याच्या दिवशीही?’ त्यांनी विचारलं.

‘चार नोंदी.’

‘त्या दिवशी पात्याला माळ होती.’

‘हो.’

‘आणि हे तुम्हाला कधी कळलं?’

मी म्हणालो, तुम्ही जाण्याच्या दोन दिवस आधी.

ते तळ्याकडे बघत राहिले. कुणीतरी घाटावर कपडे आपटत होतं. मला वाटलं होतं, ते रागावतील किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींची मी गाडीत तयारी केली होती. ते म्हणाले, ‘बर्गी यायचे ना, तेव्हा घोड्यांच्या टापा तरी ऐकू यायच्या. माणूस पोरंबाळं घेऊन पळून जायचा.’

या वेळी हसायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी एवढंच मागितलं, की हे तोंडी नको. कारखान्यात लिहून द्या, तिथल्या नोंदी नीट करून घ्या, आणि एक कागद मला आणून द्या. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले नाहीत.

सोमवारी मी त्या जुन्या नोंदी उघडल्या. एकेका ओळीसमोर छोटं कुलूप होतं. वर्ष संपलं की जुन्या नोंदींना कुलूप लावावं म्हणजे नंतर कुणी त्यांत फेरफार करू शकत नाही, ही माझीच टीप. मीच ते बसवलं होतं. ते उघडायला मालकांची लेखी परवानगी लागते. जुने मालक आता कारखान्यात येत नाहीत, मुलगा सगळं बघतो. मी त्याला सविस्तर लिहिलं, माझ्या नावानिशी, काही न लपवता. माझ्या वरिष्ठांनाही त्याची प्रत पाठवली. उत्तर दुपारीच आलं. पूजेची गर्दी आहे, इतक्या जुन्या नोंदी उघडण्याची आवश्यकता वाटत नाही, संबंधित कर्मचारी आता सेवेत नाहीत. कळवल्याबद्दल धन्यवाद. वरिष्ठ म्हणाले, की तुम्ही उगाच खाजवून खरूज काढलीत, आता निदान थांबा.

म्हणजे त्या कारखान्यात निमाईबाबू कायमचे कारण क्रमांक एक राहणार. मी जितकं पक्कं काम केलं होतं, तितके पक्के.

इशानीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, की ते उदाहरण पुस्तकातलं नव्हतं. ती माझ्याकडे जशी बघत होती ते मला नवीन होतं. त्याची मला सवय करून घ्यावी लागेल.

कागद मात्र मी दिला. घरी बसून, ऑफिसातून आणलेल्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यातला एक घेऊन, हातानं लिहिला. बंगालीत, माझ्या शाळकरी अक्षरात. निमाईबाबूंच्या कामात चूक नव्हती. चूक माझ्या सेटिंगमध्ये होती. ती मला वेळेत कळली होती आणि मी गप्प राहिलो. खाली सही, पूर्ण नाव. पुढच्या शनिवारी पुन्हा बजबजची गाडी. काशाचं गवत आता पुरतं फुललं होतं.

निमाईबाबू त्याच ओट्यावर होते. मालकांच्या मुलाचं उत्तर मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आश्चर्य दाखवलं नाही. मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि उजेडासमोर नेला. मला वाटलं, वाचताहेत. पण त्यांचे डोळे ओळींवरून फिरत नव्हते. मान किंचित कलती झाली होती. अंगठा कागदाच्या कडेवरून खालपर्यंत गेला आणि थांबला.

‘हा तिरका कापलाय,’ ते म्हणाले. ‘डावीकडे, खाली. अर्धा सूत.’

त्यांनी पुन्हा एकदा कडेवरून अंगठा फिरवला, या वेळी सावकाश, स्वतःशीच मान हलवली, आणि कागद न वाचताच घडी घालून खिशात ठेवला. चहाचं त्यांनी विचारलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

घरी येऊन मी त्याच गठ्ठ्यातला दुसरा कागद काढला आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजला. डावीकडे, खाली, अर्धा सूत कमी होता.